तांबी ३८० ए : सांगणारीने स्वतः वापरून पाहिल्यावर

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना मी आजवर किती जणींना तांबीविषयी, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टी या गर्भनिरोधक साधनाविषयी सांगितले असेल, याची मोजदाद नाही. बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून, लसीकरणाच्या रांगेत, कधी सासूबाईंना बाहेर पाठवून तर कधी त्यांनाच समोर बसवून एकच पाढा म्हणायचा: दहा वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते, अंगावरचे दूध कमी होत नाही, पैसा लागत नाही. एके दिवशी समोरच्या बाईने सरळ विचारले, "सिस्टर, तुम्ही बसवलीय का?" मी नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतले होते आणि आमच्या घरी निरोधावर भागत होते. काहीतरी गुळमुळीत बोलून मी पुढच्या खाटेकडे वळले; पण त्या दुपारी ड्युटीरूममध्ये चहा पिताना सहज चौकशी केली, तेव्हा आम्हा अकरा जणींपैकी तांबी बसवलेली एकही निघाली नाही. चौघींचे ऑपरेशन झाले होते, दोघी गोळ्या घेत होत्या आणि बाकीच्यांनी विषय हसण्यावारी नेला.

त्यानंतर फेब्रुवारी २०१८ पासून आजपर्यंत मी एकामागून एक अशा तीन तांब्या वापरल्या आहेत. (हे अनेकवचन वाचून पाण्याचा तांब्या डोळ्यांसमोर येतो याची मला कल्पना आहे, आमच्या आशाताईंचाही हा ठरलेला विनोद आहे.) पहिली मी स्वतःहून काढून घेतली, दुसरी आपोआप निसटली आणि तिसरी आता चौथे वर्ष ओलांडायच्या बेतात आहे. एकाच वस्तूचे तीन नग आणि तीन निरनिराळ्या ठिकाणची सेवा अनुभवल्यावर त्यांविषयी लिहायला हरकत नसावी.

वस्तू पाहायला गेले तर फार साधी आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद सांगाडा, त्याच्या दांड्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, दोन्ही हातांवर तांब्याचे एकेक कडे आणि खालच्या टोकाशी बारीकशा गोळीतून ओवलेले दोन धागे. नावातला ३८० हा आकडा तांब्याच्या एकूण पृष्ठभागाचा, चौरस मिलिमीटरमधला. प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेले असते, त्यामुळे कधी शोधायची वेळ आली तर एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसते. "तांबी वर चढून छातीत जाते" असे सांगणाऱ्या आजीबाईंपुढे मी ही माहिती अनेकदा ठेवली आहे. तिचा फारसा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी. तांब्याचे सूक्ष्म कण शुक्रजंतूंना निकामी करतात आणि गर्भधारणा होण्याआधीच काम होते, म्हणजे राहिलेला गर्भ पाडण्याचा यात संबंध नाही. पहिल्या वर्षात हजारांमागे साधारण आठ जणींना दिवस जातात. नेहमीच्या वापरातल्या गोळ्यांच्या बाबतीत हाच आकडा शंभरांमागे सातच्या आसपास आहे. हा फरक मी शिकताना पाठ केला होता, पण तो खरा कळला तो ड्युटीच्या तक्त्यामुळे. आठवडाभर सकाळपाळी, मग दुपारपाळी, मग सलग रात्रपाळ्या असे चक्र चालू असताना रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणे ज्यांना जमते त्यांना माझा नमस्कार. रात्रपाळीहून येऊन सकाळी नऊला झोपलेल्या बाईचा 'रोज' नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे तिचे तिलाही सांगता येत नाही.

पहिली तांबी मी आमच्या रुग्णालयात बसवून घेतली नाही, आणि याचे कारण लिहायला मला थोडा संकोच वाटतो. ज्या टेबलावर मी रोज इतरांचे पाय धरते, त्याच टेबलावर आपल्याच डॉक्टर मॅडमसमोर, आपल्याच मावशींच्या देखत झोपायची माझ्या मनाची तयारी होईना. शिवाय रजिस्टरमध्ये नाव चढणार, महिन्याच्या अहवालात एक आकडा वाढणार आणि तो आकडा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असणार. म्हणून सुट्टीचा दिवस पाहून मी शेजारच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. मी परिचारिका आहे हे कळल्यावर तिथे मला कोणी काहीच सांगितले नाही; "तुम्हाला काय सांगायचे, तुम्हीच आम्हाला सांगाल," असे म्हणून हसत हसत सगळे उरकले गेले. गर्भपिशवीची खोली मोजल्याचा आकडा मला सांगितला नाही, कार्ड दिले नाही आणि तपासणीला पुन्हा कधी यायचे हेही बोलले गेले नाही. वास्तविक माहिती असणे आणि त्या क्षणी टेबलावर आडवे असताना ती माहिती कोणीतरी धीराने सांगणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. धागेही गरजेपेक्षा आखूड कापले गेले. धागा पिशवीच्या तोंडापासून साधारण तीन सेंटिमीटर ठेवावा लागतो, म्हणजे तो मऊ पडून आत वळून बसतो; फार आखूड राहिला तर ब्रशच्या केसासारखा ताठ उभा राहतो आणि नवऱ्याला टोचतो. आमच्या घरी तसेच झाले. दोन महिने आम्ही दोघेही त्याविषयी अवघडून बोलत होतो, आणि त्यावर इलाज नव्हता, कारण आखूड धागा लांब करता येत नाही.

प्रत्यक्ष बसवण्याची क्रिया मात्र बाहेरून दिसते तेवढी भयंकर नाही. अवजाराने पिशवीचे तोंड धरतात तेव्हा एक चिमटा बसतो, मापाची सळई आत जाते तेव्हा पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ ओटीपोटातून मांड्यांपर्यंत उतरते, आणि तांबी सुटते तेव्हा तशीच आणखी एक. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. त्यानंतर मला घाम फुटून गरगरले आणि पंधरा मिनिटे पडून राहावे लागले; अशा वेळी बाईला "उठा, झाले" म्हणून लगेच उठवायचे नसते, हे त्या दिवसापासून माझ्या चांगलेच लक्षात राहिले आहे.

खरा त्रास पुढच्या चार महिन्यांत झाला. इतरांना सांगताना मी "सुरुवातीला पाळी जरा जास्त जाते" असे एक वाक्य म्हणत असे. ते 'जरा' म्हणजे काय, ते मला मार्चमध्ये कळले. चार दिवसांची पाळी सात दिवसांवर गेली, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावा लागू लागला आणि मधल्या काळात अधूनमधून डाग दिसत राहिले. आता हेच दुखणे घरी असलेल्या बाईला आणि आठ तास उभे राहून काम करणाऱ्या बाईला सारखे भोवत नाही. आमच्या मजल्यावरचे कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह कित्येक महिने कुलूपबंद होते, आणि रुग्णांच्या स्वच्छतागृहात जायचे तर प्रसूतिकक्ष कोणाच्या तरी भरवशावर सोडून जावे लागायचे. एकदा रात्री दोनच्या सुमारास अडलेली बाळंतीण आली, दीड तास मला हलता आले नाही, आणि ते मूल रडेपर्यंत माझ्या पांढऱ्या गणवेशाची काय अवस्था झाली होती ते मावशींनी माझ्या मागे चादर धरली तेव्हा समजले. जून महिन्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.४ वर आले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे. अशा ठिकाणी पाळी वाढवणारे साधन देताना आधी रक्त तपासणे आणि सोबत लोहाच्या गोळ्या चालू करणे याला पर्याय नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. त्रासाच्या दिवसांत पोटभर जेवून घेतलेल्या आयबुप्रोफेनने कळाही कमी होतात आणि जाणेही थोडे आटोक्यात राहते; मला पहिल्या महिन्यात ते कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही, कारण स्वतःच्या दुखण्यात आपली विद्या नेमकी गहाळ होते.

पाचव्या महिन्यापासून पाळी पाच दिवसांवर स्थिरावली. त्यानंतरच्या सुखाचे वर्णन करण्यासारखे काही नाही, आणि तेच या वस्तूचे मोठेपण आहे: तांबी आहे हे मी महिनोन् महिने विसरून गेले होते. दुसरा दिवस तेवढा जड जायचा. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तो दुसरा दिवस पीपीई किटमध्ये आला म्हणजे सहा-सहा तास बाहेर पडता येत नसे, आणि दोन पॅड लावून आत जाणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी होतो, तांबी असलेल्या आणि नसलेल्याही. त्या वेळी मी मासिक पाळीचा कप वापरण्याचा विचार केला होता. ज्यांच्याकडे तांबी आहे त्यांनी कप काढताना आधी बोटाने दाबून आतली हवेची पकड सोडवावी. तसाच खेचला किंवा कपाबरोबर धागा हाताला आला तर तांबी खाली सरकू शकते. मला तेवढी खात्री वाटली नाही, म्हणून मी पॅडवरच राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये दुसरे मूल हवे म्हणून मी तांबी काढून घेतली, या वेळी आमच्याच रुग्णालयात आमच्याच मॅडमकडून, कारण एव्हाना संकोच संपला होता. काढायला एक मिनिटही लागले नाही. आखूड धागा चिमट्यात यायला थोडा वेळ गेला तेवढाच. मार्चमध्ये दिवस राहिले. "तांबीने पिशवी खराब होते, मग मूल राहत नाही," हे वाक्य माझ्यासमोर आजवर शेकडो वेळा बोलले गेले आहे. त्यावर आता मी पुस्तकातले उत्तर देत नाही, मोबाईलमधला मुलीचा फोटो दाखवते.

दुसऱ्या तांबीची हकिकत थोडक्यात सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये मुलगी झाली, तेव्हा वार पडल्यावर लगेच, दहा मिनिटांच्या आत, लांब चिमट्याने तांबी बसवली गेली. बाळंतपणानंतरची तांबी एक तर अशी लगेच किंवा ४८ तासांच्या आत बसवतात, नाहीतर मग सहा आठवडे थांबावे लागते. बसवताना काहीही जाणवले नाही, कारण त्या वेळी शरीराला आणखी एखाद्या कळेची दखल घेण्याइतकी उसंत नसते. पाचव्या आठवड्यात अंघोळ करताना बोटाला प्लॅस्टिकचे टोक लागले. तांबी निम्मी बाहेर आली होती. पिशवी मोठी आणि मऊ असताना बसवलेली तांबी निसटण्याचे प्रमाण एरवीपेक्षा जास्त असते, हे मला ठाऊक होते, त्यामुळे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. फक्त ज्यांना पुन्हा दवाखान्यात यायला जमणार नाही अशा बायकांना ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा सांगितली जात नाही, कारण "निसटू शकते" असे म्हटले की बाई नको म्हणेल अशी आमची भीती असते. १९९६ साली कुटुंबनियोजनाची वरून येणारी उद्दिष्टे कागदावरून गेली, पण महिनाअखेरीच्या बैठकीत रकाना रिकामा दिसू नये ही धास्ती आमच्या मनातून अजून गेलेली नाही.

तिसरी तांबी मार्च २०२२ मध्ये सरकारी महिला रुग्णालयात बसवली. पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांच्या आत यायला सांगितले होते. तिथल्या सिस्टरांनी, मी कोण हे माहीत असूनही, मला पहिलटकरणीसारखे सगळे समजावले. पाकीट माझ्यासमोर धरून मुदतीची तारीख वाचून दाखवली, पाकीट पूर्ण न फोडता आतल्या आतच तांबीचे हात दुमडून नळीत भरले, नळीवरची निळी चकती सळईच्या मापावर सरकवून "तुमचे साडेसात" असे मोठ्याने म्हटले, आणि धागा कापण्याआधी थांबून विचारले, "मागच्या वेळी काही त्रास?" मी आखूड धाग्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी तीनऐवजी थोडा जास्त ठेवला. या सेवेसाठी मी एक रुपयाही दिला नाही. खासगी दवाखान्यात पैसे मोजून जे मिळाले नाही ते इथे गर्दीच्या दिवशी, बाहेर तीसेक बायका बाकावर बसलेल्या असताना मिळाले, आणि म्हणून या अभिप्रायातले सेवेचे पूर्ण गुण त्या सिस्टरांना. वस्तूला मी पाचपैकी चार देईन. एक कमी केला तो पहिल्या चार महिन्यांचा.

आता ड्युटीरूममधल्या त्या अकरा जणींकडे परत येते. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचे ऑपरेशन झालेले आहे आणि तांबी आहे ती फक्त २.१ टक्के जणींना. तेव्हा आम्ही अकरा जणी काही जगावेगळ्या नव्हतो. पण आम्ही रोज या गोष्टी हाताळणाऱ्या, मग आमच्यात तरी फरक दिसायला हवा होता. अमेरिकेत कुटुंबनियोजनाची सेवा देणाऱ्या स्त्रियांची जी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली तीत अशी दीर्घकाळ चालणारी साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर तिथल्या गर्भनिरोधक वापरणाऱ्या सर्वसाधारण स्त्रियांमध्ये ते १२ टक्के. म्हणजे तिथे ज्यांना आतली माहिती आहे त्या अशीच साधने जास्त निवडतात. आमच्याकडे ज्यांना आतली माहिती आहे त्या घाबरतात, आणि यामागचे मला दिसलेले कारण असे की आम्हाला आतली माहिती अर्धीच मिळते. तांबी बसवून सुखाने नांदणारी बाई पुन्हा ओपीडीत येत नाही. येते ती अंगावरून जाते म्हणून, धागा सापडत नाही म्हणून, पोटात दुखते म्हणून. दहा वर्षे अशाच बायका पाहिल्यावर आपल्याला वाटू लागते की तांबी म्हणजे तक्रार. माझ्या पाहण्यात एक वरिष्ठ सिस्टर होत्या, ज्यांनी निवृत्त होईपर्यंत हजारभर तरी तांब्या बसवल्या असतील, पण स्वतःच्या सुनेला "तू आपली गोळीच घे" असे सांगितले. त्या खोटे वागत नव्हत्या, त्यांना त्रास झालेल्या तेवढ्याच आठवत होत्या.

दुसरे कारण संकोचाचे, ते मी स्वतःवरूनच लिहिले आहे. ज्या जिल्ह्यात आपण काम करतो तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि आपले नाव आपल्याच रजिस्टरमध्ये न यावे म्हणून परगावी जाण्याइतकी सवड प्रत्येकीला नसते. अविवाहित सहकारी मुलींचे तर याहून कठीण; त्यांनी याविषयी विचारले तरी चर्चा होते, म्हणून त्या विचारत नाहीत.

ज्यांना तांबीमुळे पाळी जास्त जाण्याची भीती आहे त्यांच्यासाठी आमच्या एका सहकारी ताईंचा अनुभव सांगण्यासारखा आहे. त्यांची पाळी मुळातच फार जायची, म्हणून त्यांनी हार्मोन सोडणारी तांबी बसवून घेतली. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे हार्मोन ५२ मिलिग्रॅम असते, पाळी हळूहळू कमी होते, काहींची तर जवळजवळ थांबते. ताईंची सहा महिन्यांत डागांवर आली, हिमोग्लोबिन वाढले आणि त्या खूश आहेत. फक्त ती सरकारी पुरवठ्यात नसल्यामुळे हजारांत पैसे गेले, आणि पाळी येत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी महिनाभर संशयाने पाहिले. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायची चार सेंटिमीटरची काडी, तीन वर्षे चालणारी, हीसुद्धा अलीकडे काही निवडक जिल्ह्यांत सरकारी कार्यक्रमात आली आहे. तिच्यात दिवस जाण्याचे प्रमाण हजारांत जेमतेम एक, आणि टेबलावर झोपायचा प्रश्न नाही, दंड पुढे केला की झाले. त्यामुळे ती आमच्याकडे आली तर ड्युटीरूममधल्या निम्म्या तरी जणी तयार होतील असा माझा अंदाज आहे. पाळी अनियमित होणे हा तिचा अवगुण मात्र आधीच ऐकून ठेवावा. यांपैकी कोणतेही साधन गुप्तरोगांपासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

माझ्यासारख्या पाळीपाळीने काम करणाऱ्या कोणी तांबी बसवायच्या विचारात असतील तर त्यांनी बसवण्याचा दिवस ड्युटीचा तक्ता पाहून ठरवावा: पुढचे दोन दिवस सुट्टीचे असावेत आणि पहिल्या दोन-तीन पाळ्यांचा दुसरा दिवस शक्यतो रात्रपाळीत येऊ नये, मेट्रनबाईंना काय कारण सांगायचे ते ज्याचे त्याने पाहावे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. धागा कापण्याआधी किती ठेवणार ते विचारावे. पहिली पाळी होऊन गेल्यावर एकदा तपासणीला जावे, आणि ताप, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, न थांबणारी कळ किंवा पाळी चुकणे यांपैकी काहीही झाले तर आपण स्टाफ आहोत म्हणून घरी अंदाज बांधत बसू नये. कार्डाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. माझ्या कार्डावर काढण्याची तारीख मार्च २०३२ अशी लिहिली आहे आणि ते कार्ड सध्या मुलीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत, मागच्या पानाशी खोचलेले आहे.